पित्ताशयाच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये नलिकेचा फोटो काढायलाच हवा का?

प्रश्न गंगाखेड तालुक्यातल्या एका सूनबाईंचा आहे. सासूबाई 58 वर्षांच्या. जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येते, ती पाठीत जाते. दोन वर्षं त्यांनी ते अंगावर काढलं. आता सोनोग्राफीत पित्ताशयात बरेच बारीक खडे दिसले आहेत, मुख्य पित्तनलिका 8 मिलिमीटर रुंद आहे, यकृताच्या रक्ततपासण्यांत बिलिरुबिन 1.6 आणि अल्कलाइन फॉस्फेटेज वाढलेलं. एका सर्जननी सरळ दुर्बिणीनं पित्ताशय काढू म्हणून सांगितलं. दुसरं मत घेतलं तर ते डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करताना कोलँजिओग्राम, म्हणजे नलिकेचा फोटो, करावा लागेल. पहिल्या डॉक्टरांना परत विचारलं, तर "मला त्याची गरज पडत नाही" असं उत्तर मिळालं. घरच्यांना पेच पडलाय की ऐकायचं कुणाचं? हा फोटो म्हणजे नेमकं काय, त्यात धोका आहे का, आणि मे महिन्यात घरात लग्न आहे, तोवर थांबलं तर चालेल का?

ताई, तुमच्या सासूबाईंपुरतं माझं मत आधीच सांगतो. त्यांच्या मुख्य नलिकेत खडा आहे की नाही, हे ऑपरेशनच्या आधी नाहीतर ऑपरेशनच्या टेबलावर पाहिल्याशिवाय पित्ताशय काढून मोकळं होऊ नये. का, ते आता सविस्तर लिहितो. लातूर-अंबाजोगाई भागात बरीच वर्षं हीच ऑपरेशनं करतोय आणि हा प्रश्न नातेवाइकांनी विचारायला हवा असं मला मनापासून वाटतं. बहुतेक जण विचारत नाहीत.

पित्त यकृतात तयार होतं. यकृताच्या उजव्या आणि डाव्या बाजूच्या नलिका एकत्र येऊन मुख्य पित्तनलिका होते आणि ती लहान आतड्यात उघडते. पित्ताशय ही या वाटेवर कडेला लटकलेली पिशवी, आणि सिस्टिक डक्ट नावाची बारीक नळी तिला मुख्य नलिकेशी जोडते. विहिरीवरून शेतात येणारी मुख्य पाइपलाइन आणि तिच्यातून हौदाकडे फुटलेला फाटा, अशी ही मांडणी. हौद काढायचा तर फाटा बंद करून कापायचा, मुख्य लाइनला हात लावायचा नाही. पित्ताशयाच्या ऑपरेशनमध्ये सिस्टिक डक्ट आणि पित्ताशयाची रक्तवाहिनी या दोनच गोष्टींना क्लिपा लावून कापायच्या असतात. सगळी जोखीम या दोन गोष्टी ओळखण्यात आहे.

कोलँजिओग्राम म्हणजे या नळ्यांमध्ये एक्स-रेवर दिसणारं औषध, ज्याला आम्ही डाय म्हणतो, ते सोडून काढलेला फोटो. ही युक्ती दुर्बिणीच्या कितीतरी आधीची. अर्जेंटिनातल्या कॉर्दोबा शहरातले सर्जन पाब्लो मिरिझ्झी यांनी 1931 साली ऑपरेशन चालू असताना असा फोटो पहिल्यांदा काढला. दुर्बिणीनं पित्ताशय काढणं 1985 साली जर्मनीत एरिक म्यूहे यांनी सुरू केलं, आणि भारतात 1990 साली मुंबईत डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी. दुर्बिणीमुळे पोटावरची मोठी चीर गेली, दुखणं कमी झालं, माणूस दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी जायला लागला. पण मुख्य नलिकेला इजा होण्याचं प्रमाण मात्र वाढलं. पोट उघडून करायचो तेव्हा ते हजारात एक-दोन होतं, दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये हजारात साधारण तीन ते पाच नोंदवलं गेलं. आकडा लहान दिसतो. पण ज्या घरात ते होतं तिथं महिनोन्‌महिने ड्रेनची (पोटातलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळीची) पिशवी, वारंवार ताप, मोठ्या शहरातलं दुसरं ऑपरेशन, आतडं वर घेऊन यकृताच्या नलिकेला जोडणं, हे सगळं वाट्याला येतं. बारीकसं ऑपरेशन म्हणून भरती झालेला माणूस वर्षभर दवाखान्याच्या फेऱ्या मारतो.

फोटो दोन वेगवेगळ्या कारणांसाठी काढतात. दोन डॉक्टरांची उत्तरं वेगळी येतात ती बऱ्याचदा दोघांच्या मनात वेगवेगळं कारण असतं म्हणून. पहिलं कारण, मुख्य नलिकेत खडा उतरलाय का ते पाहणं. दुसरं, आपण जी नळी सिस्टिक डक्ट समजतोय ती खरंच तीच आहे का याची खात्री करणं.

आधी खड्याचं. पित्ताशयात खडे असलेल्यांपैकी शंभरात दहा-पंधरा जणांच्या मुख्य नलिकेतही खडा सापडतो. सोनोग्राफीत पित्ताशयातले खडे छान दिसतात, पण नलिकेचा खालचा भाग आतड्यातल्या हवेआड जातो आणि तिथला खडा हुकतो. म्हणून आम्ही इतर खुणा बघतो. नलिका 6 मिलिमीटरपेक्षा रुंद, यकृताच्या तपासण्या बिघडलेल्या, वय 55 च्या पुढे. तुमच्या सासूबाईंच्या बाबतीत तिन्ही आहेत. कावीळ डोळ्यात दिसण्याइतकी नाही, सोनोग्राफीत नलिकेत खडा दिसलेला नाही, म्हणजे त्या मधल्या गटात बसतात. या गटासाठी जगभर सांगितलं जातं ते असं की आधी एमआरसीपी किंवा एंडोस्कोपिक सोनोग्राफी (तोंडातून दुर्बीण घालून आतून केलेली सोनोग्राफी) करा, नाहीतर ऑपरेशनमध्येच कोलँजिओग्राम करा. यातलं काहीच न करणं हा पर्याय या गटाला नाही. थेट ईआरसीपीही करायची नाही. ईआरसीपीत तोंडातून दुर्बीण घालून नलिकेचं तोंड कापावं लागतं आणि शंभरात तीन ते दहा जणांच्या स्वादुपिंडाला त्यानंतर सूज येते. खडा आहे हे पक्कं असेल तर ती जोखीम घ्यावी, संशयावरून नाही.

एमआरसीपी म्हणजे एमआरआय यंत्रावर काढलेला नलिकांचा फोटो. सुई नाही, रेडिएशन नाही. नांदेड, लातूर, संभाजीनगर इथं सहज होते. तिची मर्यादा एवढीच की दोन-तीन मिलिमीटरचे खडे तिच्यात हुकू शकतात, आणि आज केलेली एमआरसीपी महिन्यानं होणाऱ्या ऑपरेशनपर्यंत जुनी होते. मधल्या काळात पित्ताशयातला एखादा बारीक खडा खाली घसरू शकतो. लोक म्हणतात, खडे बारीकच आहेत, काळजी नाही. उलट आहे. मोठा खडा पित्ताशयातच अडकून बसतो, बारीक खडे नळीतून खाली उतरतात आणि कावीळ किंवा स्वादुपिंडाची सूज करतात.

आता दुसरं कारण, जे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. 2003 साली अमेरिकेतल्या लॉरेन्स वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नलिकेला इजा झालेल्या 252 ऑपरेशनांचा अभ्यास केला. त्यांना आढळलं की 97 टक्के इजांचं मूळ हात चुकण्यात नव्हतं, नजरेला झालेल्या भासात होतं. सर्जन मुख्य नलिकेकडे बघत होता आणि त्याला ती सिस्टिक डक्ट दिसत होती. बहुतेकांना ऑपरेशन चालू असताना शंकाही आली नव्हती. हे नीट समजून घ्या, कारण "मला शंका आली तर करतो" या धोरणाची कमजोर बाजू इथंच आहे. सगळ्यात धोकादायक वेळी शंका येतच नाही.

हा भास होतो कसा? पित्ताशय वर, उजव्या खांद्याच्या दिशेनं ओढून धरावं लागतं. त्याच्या मानेकडचा भागही तसाच वर ओढला, तर सिस्टिक डक्ट आणि मुख्य नलिका एका रेषेत येतात आणि एकच नळी दिसते. मान उजवीकडे, बाहेरच्या बाजूला ओढली तर दोघींमधला कोन उघडतो. त्यात सूज असेल, वारंवार दुखून तिथं जाड चामट पेशीजाल तयार झालेलं असेल, पित्ताशय आक्रसून नलिकेला चिकटलेलं असेल, तर तो कोन उघडतच नाही.

आपल्याकडे अशी अवघड पित्ताशयं जास्त येतात असं माझं निरीक्षण आहे, आणि त्याचं कारण आपल्या कामाच्या वेळापत्रकात आहे. बीड जिल्ह्यातल्या एका बाईंचं सांगतो. ऊसतोडीला जाणाऱ्या. दसऱ्यानंतर टोळीबरोबर कारखान्यावर गेल्या की उन्हाळ्यापर्यंत परत येणं नाही, आणि उचल घेतलेली असल्यानं मध्येच सुटीही नाही. तीन हंगाम त्यांनी दुखणं गोळ्यांवर काढलं. मधे एकदा डोळे पिवळे झाले तेव्हा गावात काविळीची माळ घातली. ऑपरेशनला आल्या तेव्हा पित्ताशय अंगठ्याएवढं आक्रसलेलं. सावकाश सोडवत गेल्यावर एक नळी आणि एक रक्तवाहिनी दिसली, सगळं जसं हवं तसं. नळीला पित्ताशयालगत क्लिप लावून फोटो काढला. डाय आतड्यात उतरली, वर डाव्या-उजव्या नलिकाही भरल्या. पण उजव्या बाजूची मागची एक नलिका मुख्य नलिकेत न मिळता थेट सिस्टिक डक्टमध्येच येऊन मिळत होती. नेहमीच्या जागी, म्हणजे थोडं खाली क्लिप लावली असती, तर यकृताच्या त्या तुकड्याचं पित्त कायमचं कोंडलं असतं किंवा पोटात गळत राहिलं असतं. आम्ही त्या जोडाच्या वर, पित्ताशयाकडच्या बाजूला क्लिप लावून काम संपवलं. अशी रचना थोड्याच लोकांत असते, पण ती बाहेरून पाहून कळत नाही.

फोटो काढतात कसा, तेही सांगतो, म्हणजे भीती राहणार नाही. भूल दिलेलीच असते, वेगळा छेद लागत नाही. सिस्टिक डक्टला पित्ताशयाच्या बाजूनं एक क्लिप लावतो, म्हणजे डाय मागे जात नाही. मग बारीक कात्रीनं नळीला अर्धवट छेद देतो, पूर्ण कापत नाही. नळीत खडा अडकलेला असेल तर चिमट्यानं हलके दाबत बाहेर काढतो. त्या छेदातून बारीक कॅथेटर, म्हणजे लवचिक नळी, आत सरकवतो. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी यासाठी 5 नंबरचं युरेटेरिक, म्हणजे मूत्रनलिकेसाठी बनवलेलं, कॅथेटर वापरतात. आधी सलाइन सोडून नळीतली हवा काढून टाकतो, कारण हवेचा बुडबुडा फोटोत खड्यासारखाच गोल दिसतो. मग अर्धं सलाइन मिसळलेली डाय हळूहळू सोडायची, वर सी-आर्म, म्हणजे टेबलाभोवती फिरवता येणारं एक्स-रे यंत्र. भूलतज्ज्ञ काही सेकंद श्वास थांबवतात म्हणजे चित्र हलत नाही. पडद्यावर नलिका काळ्या रेघेसारखी खालून वर भरत जाते. गोल पोकळी दिसली तर टेबल तिरकं करून बघतो: बुडबुडा वर सरकतो, खडा खाली जातो. सराव असलेल्या टीमला दहा-पंधरा मिनिटं जास्त लागतात.

फोटो काढणं अर्धं काम, वाचणं उरलेलं अर्धं. खाली नलिका निमुळती होत आतड्यात उघडलेली दिसली पाहिजे. वर उजवी-डावी दोन्ही, आणि उजव्या बाजूच्या पुढच्या-मागच्या दोन्ही शाखा दिसल्या पाहिजेत. खालचा भाग छान भरला आणि वरचं काहीच दिसलं नाही, तर "डाय खालीच गेली असेल" म्हणून पुढं जायचं नाही. डोकं खाली करून पुन्हा डाय सोडायची. तरीही वर काही भरलं नाही, तर कॅथेटर मुख्य नलिकेतच आहे आणि आपण लावलेली क्लिप मुख्य नलिकेवर बसलीय, असं धरूनच चालायचं. या क्षणी थांबलं तर नुकसान एका छोट्या छेदाचं, जो टाके घालून दुरुस्त होतो. न थांबता कापलं तर मुख्य नलिकेचा तुकडाच जातो. माझ्या दृष्टीनं कोलँजिओग्रामचा सगळ्यात मोठा फायदा हाच.

मग सगळेच सर्जन दरवेळी का करत नाहीत? कारण पुरावा एकतर्फी नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. अमेरिकेत 1992 ते 1999 मधल्या मेडिकेअरच्या (मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याच्या) 15 लाखांहून जास्त ऑपरेशनांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा फोटो काढलेल्यांत इजेचं प्रमाण 0.39 टक्के आणि न काढलेल्यांत 0.58 टक्के निघालं. पुढे 2013 साली टेक्सासमधल्या 90 हजारांहून जास्त रुग्णांच्या नोंदी वेगळ्या गणिती पद्धतीनं पाहिल्यावर हा फरक टिकला नाही. स्वीडनमध्ये मात्र हा फोटो बहुतेकांचा काढतात आणि तिथल्या राष्ट्रीय नोंदणीचा कौल फोटोच्या बाजूनं आहे. इजा हजारात तीन-चारच होत असल्यानं या प्रश्नावर निर्णायक चाचणी करायला हजारो रुग्ण लागतील, म्हणून वाद मिटत नाही. शिवाय फोटोला पर्याय म्हणून नव्हे, पण त्याच्याही आधी करायची एक गोष्ट आहे, ती अमेरिकन सर्जन स्टीव्हन स्ट्रासबर्ग यांनी 1995 साली मांडली: यकृत, पित्ताशय आणि नलिका यांच्यामधला त्रिकोण चरबी काढून स्वच्छ करा, पित्ताशयाचा खालचा तिसरा हिस्सा यकृतापासून सोडवा, आणि पित्ताशयात शिरणाऱ्या दोनच गोष्टी उरल्यात हे समोरून आणि मागून दिसल्याशिवाय काही कापू नका. हे सरळ साध्य झालं आणि रुग्ण खड्याच्या संशयाच्या गटात नसेल, तर फोटो न काढणाऱ्या सर्जनला मी चूक म्हणणार नाही. तुमचे पहिले डॉक्टर याच अर्थानं बोलले असतील. पण तुमच्या सासूबाई संशयाच्या गटात आहेत.

माझी स्वतःची पद्धत हात सढळ ठेवण्याची आहे. फोटो वर्षातून दोनदाच काढला, तर गरजेच्या दिवशी कॅथेटर सापडत नाही, सिस्टरला मांडणी ठाऊक नसते, आणि चित्र वाचायची नजरही बसलेली नसते. यंत्र नाही हे कारण आता आपल्या भागात फारसं उरलेलं नाही. फ्रॅक्चरच्या ऑपरेशनांसाठी लातूर, बीड, नांदेडच्या पुष्कळ दवाखान्यांत सी-आर्म असतो. अडतं ते टेबलावर. टेबलाचा लोखंडी खांब नेमका वरच्या पोटाखाली आला तर चित्र मिळत नाही, म्हणून रुग्णाला झोपवतानाच पाहून घ्यावं लागतं. फोटो काढायचा हे आदल्या दिवशी ठरलेलं असलं की हे सगळं सुरळीत होतं.

मोठ्या शहरांत आता आयसीजी नावाचं हिरवं औषध शिरेतून देऊन विशेष कॅमेऱ्यानं नलिका चमकताना बघतात. एक्स-रे नको, नळीला छेद नको, आणि काही कापायच्या आधी कितीही वेळा बघता येतं. फार उपयोगी गोष्ट आहे. पण तो प्रकाश सेंटिमीटरभर जाडीच्या पलीकडून येत नाही, म्हणजे सुजलेल्या, चरबीनं भरलेल्या जागी कमी पडतो. आणि नलिकेतला खडा त्यात भरवशानं दिसत नाही. त्यामुळे तुमच्या प्रश्नाला त्यानं उत्तर मिळणार नाही.

धोक्याचं विचारलंत. डाय शिरेत न देता नलिकेत दिली जाते, त्यामुळे ॲलर्जी किंवा किडनीवर परिणाम होण्याची शक्यता फार कमी. तरी आयोडीनच्या औषधाची पूर्वी ॲलर्जी झाली असेल तर आवर्जून सांगा. रेडिएशन काही सेकंदांचं. कधीकधी बुडबुड्याला खडा समजून पुढची तपासणी केली जाते, हा खरा तोटा.

फोटोत खडा दिसलाच तर? अगदी बारीक असेल तर आतड्याकडचं तोंड सैल करणारं इंजेक्शन देऊन सलाइनच्या जोरानं तो खाली ढकलता येतो. थोडा मोठा असेल तर त्याच नळीतून बास्केटनं, म्हणजे तारेच्या बारीक जाळीनं, किंवा नलिका उघडून दुर्बिणीनं काढता येतो, पण हे येणारे हात आणि सामान सगळीकडे नाही. नाहीतर पित्ताशयाचं काम पूर्ण करून एक-दोन दिवसांत ईआरसीपी. म्हणून ऑपरेशनच्या आधीच विचारून ठेवा की खडा सापडला तर तुम्ही काय करणार आणि ईआरसीपी कुठं होणार. गंगाखेडहून ऐनवेळी कुठं न्यायचं हे रात्री ठरवायची पाळी येऊ नये. सरकारी आरोग्य योजनेतून करायचं असेल तर यातलं काय बसतं ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा.

डॉक्टरांना अजून एक प्रश्न विचारा, आणि तो फोटोपेक्षाही मोलाचा आहे: "आत मांडणी स्पष्ट दिसली नाही तर तुम्ही काय कराल?" "पोट उघडीन", "पित्ताशयाचा थोडा भाग मागे ठेवून बाकीचं काढीन", "ड्रेन ठेवून थांबेन आणि मोठ्या केंद्राकडे पाठवीन", यातलं कुठलंही उत्तर चांगलं आहे. पित्ताशय अर्धवट काढलं म्हणून भांडणारे नातेवाईक मी पाहिलेत. कृपा करून तसं करू नका. त्या डॉक्टरांनी तुमच्या माणसाची नलिका वाचवलेली असते.

ऑपरेशननंतर रुग्ण रोज कालच्यापेक्षा बरा दिसला पाहिजे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पोट फुगलंय, दुखणं वाढतंय, ताप आहे, खायला नको वाटतंय, डोळे पिवळे होतायत किंवा ड्रेनमध्ये हिरवट पाणी येतंय, तर गॅस झालाय म्हणून घरी थांबू नका. त्याच दिवशी सोनोग्राफी आणि रक्ततपासणी करायला लावा. गळती पहिल्या दिवसांत कळली तर निस्तरणं कितीतरी सोपं असतं. नलिकेचा फोटो काढला असेल तर त्याची प्रत डिस्चार्ज कार्डाबरोबर मागून घ्या. पुढे कधी त्रास झाला तर तो बघणाऱ्या डॉक्टरला फार कामी येतो.

आणि लग्नाचं. मे महिन्यापर्यंत थांबू नका. बारीक खडे, रुंद झालेली नलिका आणि वाढलेल्या तपासण्या घेऊन उन्हाळ्यातल्या लग्नघराची धावपळ आणि तेलकट जेवणं म्हणजे नेमक्या हळदीच्या दिवशी कळ उठायची तयारी. या आठवड्यात एमआरसीपी करा, किंवा कोलँजिओग्राम करणाऱ्या सर्जनकडे तारीख घ्या. ऑपरेशन सुरळीत झालं तर दोन-तीन आठवड्यांत सासूबाई घरात नेहमीसारख्या वावरतील. मधल्या काळात थंडी वाजून ताप, पोटात दुखणं आणि डोळे पिवळे हे तिन्ही एकदम झालं, तर तो नलिकेतला जंतुसंसर्ग असतो. तारखेची वाट न बघता, रात्र असली तरी, ईआरसीपीची सोय असलेल्या दवाखान्यात थेट न्या.